पंचगंगेची पातळी आणि दहावीचा वर्ग : एका संदेशाचा प्रकरण अभ्यास

राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हे प्रकरण आहे. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या ‘दर्पण’पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनपर्यंतचा प्रवास त्यात येतो, आणि माध्यमांतून मिळणाऱ्या माहितीचे चिकित्सक आकलन कसे करावे यावर एक छोटा भागही त्यात आहे. तेथे उदाहरण दिले आहे ते ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाचे : हिटलरच्या हस्ताक्षरातील म्हणून मोठी किंमत मोजून विकत घेतलेल्या रोजनिश्या १९८३ मध्ये बनावट ठरल्या. उदाहरण चांगले आहे, परंतु बहुतेक वर्गांत ते ‘टीप लिहा’ या प्रश्नाची तयारी म्हणून पाठ होते आणि तिथेच थांबते. चिकित्सा हा शब्द उत्तरपत्रिकेत उतरतो, पण सकाळी मोबाइलवर आलेल्या मजकुराशी त्याचा संबंध विद्यार्थ्यांना दिसत नाही. कोल्हापुरातील एका शाळेत हा संबंध पावसाळ्यामुळे जोडला गेला. त्या तासांना निरीक्षक म्हणून बसण्याची संधी मला मिळाली, आणि ते प्रकरण सविस्तर मांडावे असे वाटण्याचे कारण म्हणजे त्यातील सर्वांत महत्त्वाची अडचण खोट्या बातमीची नव्हती. खोटी बातमी ओळखल्यानंतर वर्गात जे घडले, ती खरी अडचण होती.

शाळा शहराच्या उत्तरेकडील भागात आहे. वर्गात कसबा बावड्याची आणि शुक्रवार पेठेतील मुले जशी आहेत, तशीच प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि पुलाची शिरोली येथून येणारीही आहेत. २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्याजवळ, म्हणजे शहरासाठी नदीची पातळी जेथे मोजली जाते तेथे, पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा ही मुले प्राथमिक शाळेत होती. त्यांच्यापैकी काहींनी घराच्या माडीवर रात्र काढली होती, काहींची जनावरे दावणीसकट गेली होती. पुराची बातमी ही या मुलांसाठी चालू घडामोडींतील एक विषय नसून घरातला विषय आहे.

अलीकडच्या एका जुलैमध्ये नदीने इशारा पातळी (३९ फूट) ओलांडली होती, धोका पातळी (४३ फूट) मात्र अजून गाठली नव्हती. अशा वेळी एका संध्याकाळी व्हॉट्सअॅपवरील गल्ली, तालीम मंडळ, भिशी आणि नातेवाईक अशा सर्व प्रकारच्या गटांत एक संदेश फिरू लागला. त्याचा आशय असा : राधानगरी धरणाचे सातही दरवाजे प्रशासनाने कोणालाही न सांगता उघडले आहेत, काळम्मावाडीचेही पाणी सोडले आहे, रात्रीत हे सगळे पाणी कोल्हापुरात येणार असून पंचगंगा ५० फुटांवर जाईल, आणि महामार्ग आताच पाण्याखाली गेला आहे. सोबत शिरोलीजवळ पाण्यात बुडालेल्या रस्त्याचे छायाचित्र होते, आणि ‘मी पाटबंधारे खात्यातून बोलतोय’ असे सुरुवातीला सांगणारी, पण नाव, हुद्दा किंवा कार्यालय यांपैकी काहीच न सांगणारी एक ध्वनिफीत. संदेशावर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो मूळ पाठवणाऱ्यापासून किमान पाच हात पुढे आलेला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात उपस्थिती निम्मी होती. आलेली मुले या एकाच विषयावर बोलत होती. इतिहासाच्या शिक्षिकेने ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि तो संदेश फळ्यावर, त्यातील प्रत्येक विधान वेगळ्या ओळीत, उतरवून घेतला. ही कृती साधी दिसते, पण पुढील सगळे काम तिच्यामुळेच शक्य झाले असे माझे मत आहे. संदेश अखंड असतो तेव्हा त्याला ‘खरा’ किंवा ‘खोटा’ एवढेच म्हणता येते. ओळी सुट्या झाल्या की कोणती ओळ कशावर उभी आहे हे विचारता येते. शिक्षिकेने प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न लिहिला : हे सांगणाऱ्याला हे कसे कळले?

पहिली ओळ दरवाजांची. ती वाचताच आंबेवाडीचा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, खरं दरवाजे तर उघडल्यातच की. सकाळी रेडिओला सांगितलं.’ ते बरोबर होते. धरण भरले होते आणि सातही दरवाजे उघडलेले होते. परंतु राधानगरीचे हे सात दरवाजे स्वयंचलित आहेत : जलाशय भरून पाण्याचा दाब वाढला की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. ते ‘कोणालाही न सांगता’ कोणी उघडण्याचा प्रश्न येत नाही. एकाच वाक्यात अर्धा भाग वस्तुस्थिती आणि अर्धा भाग आरोप होता, आणि वस्तुस्थितीच्या भरवशावर आरोप गळी उतरत होता. मुलांनी गणितही केले. एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी), म्हणजे सातांतून ९९९६ क्युसेक. वीजगृहातून सोडलेले पाणी वेगळे. हा आकडा मोठा की लहान, हे मात्र वर्गातील कोणालाच सांगता येईना, आणि शिक्षिकेनेही ते लगेच सांगितले नाही. आकडा ऐकून घाबरणे आणि आकड्याचा अर्थ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना तेथेच उमगले.

काळम्मावाडीच्या ओळीवर बराच वेळ गेला. शहराला थेट पाइपलाइनने तेथूनच पाणी येते, तेव्हा पूरही तेथून येणार, असे एका मुलीचे म्हणणे होते आणि ते तिने ठामपणे मांडले. शिक्षिकेने भूगोलाच्या शिक्षकांकडून जिल्ह्याचा नकाशा मागवला. काळम्मावाडीचे धरण दूधगंगेवर आहे. दूधगंगा कागल तालुक्याकडे जाते आणि पुढे कृष्णेला मिळते, कोल्हापूर शहराकडे ती येतच नाही. पंचगंगेत येते ते पाणी भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी यांचे, म्हणजे राधानगरीबरोबरच गगनबावडा, शाहूवाडी आणि पन्हाळा या भागांत पडणाऱ्या पावसाचे. नकाशावर बोट फिरवून मुलांनी हे स्वतः पाहिले. संदेशातील ती ओळ त्यांनी कोणाच्या अधिकारामुळे नव्हे, तर नदीच्या वाटेमुळे खोडली. चिकित्सेसाठी विषयाचे ज्ञान लागते, नुसत्या युक्त्यांनी भागत नाही, हे येथे जितके स्पष्ट दिसले तितके मी क्वचित पाहिले आहे. बनावट मजकूर ओळखण्याच्या ‘दहा खुणा’ सांगणारे तक्ते शाळांतून लावले जातात. शुद्धलेखन चुकले आहे का, उद्गारचिन्हे जास्त आहेत का, असे त्यांत विचारलेले असते. हा संदेश शुद्ध मराठीत होता आणि त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हते.

छायाचित्राचा निकाल दोन वाटांनी लागला. शिक्षिकेने गुगल लेन्सवर ते शोधले, तेव्हा तेच छायाचित्र २०१९ च्या ऑगस्टमधील बातम्यांत मिळाले. परंतु त्याआधीच शिरोलीच्या मुलाने ते नाकारले होते. महामार्गाच्या सहापदरीकरणाचे काम तो रोज सायकलवरून पाहतो. त्याने छायाचित्र मोठे करून दाखवले की त्यात कडेची खोदाई नाही, पत्र्याचे कुंपण नाही आणि वळवलेला रस्ताही नाही. तंत्राने दिलेले उत्तर आणि डोळ्यांनी दिलेले उत्तर जुळले, याचा वर्गाला झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

ध्वनिफितीबाबत मुलांना फारसे सांगावे लागले नाही. आपले नाव सांगायला तयार नसलेला माणूस खात्याच्या नावाने का बोलतो, एवढ्या प्रश्नावर ती बाजूला पडली.

येथवरचा भाग कोणत्याही प्रशिक्षण वर्गात यशोगाथा म्हणून सांगता आला असता. त्याच तासाच्या शेवटी मात्र एका मुलाने जे म्हटले, त्याने शिक्षिका अस्वस्थ झाली. तो म्हणाला की म्हणजे पुराचे सगळे मेसेज खोटेच असतात, आता घरी कोणी काही दाखवले तरी लक्ष द्यायचे नाही. मागच्या बाकांवरून त्याला दुजोरा मिळाला. एका मुलीने वर्तमानपत्रांनाही त्यात ओढले, तर दुसऱ्याने टीव्हीवाल्यांना.

पूरक्षेत्रातील शाळेत हा निष्कर्ष धोकादायक आहे, आणि माध्यमसाक्षरतेचे बहुतेक उपक्रम विद्यार्थ्यांना नकळत याच निष्कर्षाकडे नेतात, असे मला गंभीरपणे वाटते. आपण त्यांना वीस खोट्या बातम्या दाखवतो, प्रत्येक खोटी कशी ते समजावतो, आणि मग ती मुले सगळ्यावरच संशय घेऊ लागली की त्यालाच चिकित्सक वृत्ती म्हणतो. सगळ्यावर विश्वास ठेवणाऱ्याला जसा विचार करावा लागत नाही, तसाच कशावरही विश्वास न ठेवणाऱ्यालाही करावा लागत नाही. २०१९ मध्ये अनेक कुटुंबे घर सोडायला तयार नव्हती, कारण २००५ च्या पुराची खूण त्यांच्या भिंतीवर होती आणि पाणी त्यापुढे येणार नाही, असा त्यांचा अनुभव त्यांना सांगत होता. सूचना येत होत्या, पण त्या अतिरंजित आहेत असे वाटले. पाणी त्या खुणेच्या वर गेले आणि नंतर लोकांना बोटींतून काढावे लागले. दहावीतील मुलगा घरी जाऊन ‘मेसेज खोटे असतात’ म्हणू लागला आणि त्यामुळे आजोबांनी एक खरी सूचना मोडीत काढली, तर तो तास झालाच नसता तर बरे, असे म्हणण्याची वेळ येईल.

म्हणून शिक्षिकेने पुढचा तास विश्वासावर घेतला. आपण कोणाचे ऐकायचे आणि का, हा त्याचा विषय होता. जिल्हा प्रशासनाचे पूरस्थितीचे पत्रक तिने वर्गात वाचायला दिले. त्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट आणि इंचांत असते, ती कोणत्या वेळेची हे लिहिलेले असते, धरणांतील विसर्ग असतो, आणि पंचगंगेवरील कोणते बंधारे पाण्याखाली आहेत त्यांची नावे असतात : शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. मुलांनी ही नावे मोठ्याने वाचली. मग शिक्षिकेने विचारले की हे पत्रक चुकीचे असेल तर ते कोणाला पकडता येईल? रुईच्या माणसाला, इचलकरंजीच्या माणसाला, बंधाऱ्यावरून रोज ये-जा करणाऱ्या कोणालाही, असे उत्तर हळूहळू तयार झाले. ज्या माहितीची पडताळणी हजारो लोक उघड्या डोळ्यांनी करू शकतात, आणि जी देणाऱ्याचे नाव व वेळ तिच्यावरच लिहिलेली असते, ती चुकली तरी लवकर सुधारली जाते. त्या संदेशाला ना नाव होते, ना वेळ. ‘रात्रीत पाणी येणार’ हे वाक्य कोणत्याही रात्री वाचले तरी ताजेच वाटते, ही त्यातील सर्वांत मोठी खोट होती आणि पहिल्या तासात ती कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

याच तासात वृत्तपत्रांच्या कात्रणांवरही काम झाले. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात लहान मुलालाही माहीत असते. तरीही पातळी इशाऱ्याच्या थोडी वर असताना एका मथळ्यात ‘धोका’ हा शब्द ठळक होता आणि खालच्या मजकुरात मात्र ‘इशारा पातळी ओलांडली’ असे नेमके लिहिले होते. बातमी लिहिणारा वार्ताहर आणि मथळा देणारा उपसंपादक हे सहसा वेगळे असतात, हे मुलांना नवे होते. मथळा सैल आहे म्हणून बातमी खोटी ठरत नाही, आणि बातमी नेमकी आहे म्हणून मथळ्याची जबाबदारी संपत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच कात्रणात शिकता आल्या.

स्थानिक जाणकारीचा प्रश्न अधिक नाजूक होता. सुतारवाड्यात पाणी शिरले की लोकांना हलवायला सुरुवात होते, जामदार क्लबपर्यंत पाणी आले की आता वाढणार, असे शहरातील जुनी माणसे सांगतात. चिखलीच्या मुलीने तिच्या आजोबांचे असेच आडाखे सांगितले. शिक्षिकेने त्यांना अडाणी ठरवले नाही, हे मला फार मोलाचे वाटले. पिढ्यान्‌पिढ्या नदी पाहिलेल्या माणसाचे म्हणणे हा आधारच आहे. परंतु भिंतीवरच्या खुणेने जेथे दगा दिला, तेथे अनुभवाचीही सीमा दिसली. आजोबांना पाणी कसे चढते ते कळते, मात्र त्या वेळी गगनबावड्यात किती पाऊस पडतो आहे हे त्यांना अंगणात उभे राहून कळत नाही. प्रत्येक सांगणाऱ्याला काय कळू शकते आणि काय नाही, हे विचारणे म्हणजे त्याचा अनादर नव्हे, हे मुलीला पटले आणि तिने ते घरी नेमक्या याच शब्दांत सांगितल्याचे नंतर कळवले.

तिसरा टप्पा अलमट्टीचा, आणि तो सर्वांत कठीण. वर्गातील बहुतेकांचे, त्यांच्या पालकांचे आणि शिरोळ तालुक्यातील नातेवाइकांचे मत एकच होते की कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळेच, म्हणजे अडवलेले पाणी नदीत मागे चढत आल्यामुळेच, कोल्हापूर आणि सांगलीला पूर येतो. वृत्तपत्रांत या विषयावर वर्षभर काही ना काही येत असते. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने जलसंपदा विभागाचे निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने अलमट्टीला त्या पुराचे कारण मानले नाही. थोड्या दिवसांत झालेला प्रचंड पाऊस आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांकडे त्या अहवालाने बोट दाखवले. अनेक शेतकरी कार्यकर्त्यांना आणि पूरग्रस्तांना हा निष्कर्ष मान्य नाही. दुसरीकडे कर्नाटकाला धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. म्हणजे ज्या धरणाला आपल्याच राज्याच्या समितीने २०१९ च्या पुराचे कारण मानले नाही, त्याच धरणाच्या वाढत्या उंचीची भीती आपले राज्य मांडते आहे. ही विसंगती आहे की दोन वेगळे प्रश्न आहेत, यावर वर्ग तासभर बोलत राहिला.

शिक्षिकेने आपले मत सांगितले नाही. मुलांनी ते वारंवार विचारले. तिने त्याऐवजी कात्रणांतील क्रियापदांखाली रेघा मारायला सांगितल्या : आरोप केला, दावा केला, इशारा दिला, निष्कर्ष काढला, सूत्रांकडून समजते. एकाच विषयावरील पाच बातम्यांत पाच वेगळ्या प्रकारचे ज्ञान आहे, आणि मोर्चाची बातमी शंभर टक्के खरी असूनही मोर्चातील मागणीचा आधार त्या बातमीतून सिद्ध होत नाही, हे मुलांनी शोधले. शिरोळकडचा एक मुलगा यावर चिडला. त्याच्या मामांचा ऊस दोनदा कुजला होता आणि हे सगळे त्याला शब्दांचा खेळ वाटला. शिक्षिकेने त्याला गप्प केले नाही. अलमट्टीमुळे पूर आला हे खरे असेल, तर कोणत्या दिवशी कोणत्या ठिकाणची पातळी किती असायला हवी, हे तूच लिहून काढ, असे तिने सांगितले. त्याने कुरुंदवाड, नृसिंहवाडी आणि अलमट्टी येथील त्या दिवसांतील पातळ्या एकाखाली एक हव्यात, असे लिहिले. एका रागावलेल्या मुलाने स्वतःच्या मताची कसोटी स्वतः आखली, ही या संपूर्ण प्रकरणातील माझ्या मते सर्वांत मोठी कमाई आहे. त्या पातळ्या शोधून त्याचे मत बदलले की पक्के झाले, याला तुलनेने कमी महत्त्व आहे.

पद्धतीविषयी एक नोंद येथे करायला हवी. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासणीस यांना अपरिचित संकेतस्थळे तपासायला दिली होती. अभ्यासक आणि विद्यार्थी समोरच्या पानावरच रेंगाळले आणि अनेकदा त्याच्या देखण्या मांडणीला भुलले. तपासणीसांनी ते पान झटकन सोडून इतरांनी त्या संस्थेबद्दल काय म्हटले आहे ते आधी पाहिले. कोल्हापूरच्या वर्गात नकाशा मागवणे, पत्रक आणणे आणि शिरोलीच्या मुलाला विचारणे हे तेच काम होते. संदेशाकडे अधिक वेळ टक लावून पाहिल्याने तो उलगडला नाही, त्याच्या बाहेर गेल्यावर उलगडला. मात्र शाळेत मोबाइल वापरण्यास मनाई असल्याने सगळा शोध शिक्षिकेच्या एकाच फोनवर झाला. मुलांच्या हातांना ती सवय लागली असे म्हणता येणार नाही.

घरांमध्ये काय झाले, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे होते. मोठ्यांच्या गटात ‘हा मेसेज खोटा आहे’ असे लिहिणाऱ्या एका मुलाला काकांनी सर्वांसमोर झापले. चिखलीच्या मुलीने कोणाला खोटे पाडले नाही. पाणी ओसरेपर्यंत ती त्या गटात सकाळच्या पत्रकातील पातळी, वेळेसह, टाकत राहिली. वडीलधाऱ्यांशी वागण्याची रीत सांभाळून हे कसे करायचे, याचा विचार शिक्षकांनी आधीच करायला हवा. मुलाला प्रश्न विचारायला शिकवून घरी पाठवायचे आणि तेथील परिणाम त्याच्यावर सोडायचे, हे योग्य नाही.

सहामाहीनंतरच्या अंतर्गत चाचणीत शिक्षिकेने या विषयावर प्रश्न ठेवला. पूर टाळून तिने ऊसदराच्या आंदोलनाची एक बातमी आणि त्याच विषयावरील एक फिरता संदेश दिला. बहुतेकांनी संदेशाचा स्रोत आणि वेळ विचारली. बातमीतील दावा आणि वस्तुस्थिती वेगळी करणे निम्म्याहून कमी जणांना जमले. बातमीत कोणाची बाजू आलेलीच नाही, हा प्रश्न अगदी मोजक्या उत्तरपत्रिकांत होता. ऊसतोड मजुरांचा त्या बातमीत उल्लेख नव्हता आणि तो असायला हवा होता, असे दोन मुलींनी लिहिले. जे छापून आले ते तपासण्यापेक्षा जे छापून आले नाही ते ओळखणे अवघड असते, आणि दुसऱ्या सत्राचे तास त्यावर घ्यायचे शिक्षिकेने ठरवले आहे.